वेगळी चूल

आमच्या घरी मोटार आहे असे सांगितले म्हणजे ऐकणारास आमच्याविषयी आदर वाटू लागतो. ती १९६५ सालची आहे असे सांगितले म्हणजे त्या आदराची जागा कुतूहल घेते. आणि ती अद्याप चालते व तीतून आम्ही लग्नकार्यास जातो असे सांगितले म्हणजे ऐकणारा हळूच विषय बदलतो. आमच्या सत्यनिष्ठेविषयी त्याच्या मनात आलेली शंका आम्हांस दिसते. परंतु आम्ही ती मनावर घेत नाही. ज्या शेव्हरोले इम्पालाविषयी आम्ही बोलत आहो ती त्या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांहून अधिक विकली गेली होती. त्या दहा लाखांतील एकीने शेवटी परभणी जिल्ह्यातील झरी या गावी येऊन गोठ्याशेजारच्या पडवीत मुक्काम करावा, यात नवल खरे. पण असत्य काही नाही.

परदेशी वकिलातींच्या वापरून झालेल्या मोटारी त्या काळी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. आमचे वडील कापसाचा व्यापार करीत. १९७१ साली कापसाने त्यांस चार पैसे दिले आणि त्या पैशांनी त्यांस ही बुद्धी दिली. मोटार घरी आली ती साडेसतरा फुटांहून लांब, चक्र डाव्या हाताला, आणि रंग असा पांढरा, की झरीच्या काळ्या मातीने त्याचा पहिल्या पावसातच समाचार घ्यावा. पण पाऊसच आला नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे १९७२ साली, दुष्काळ पडला. ज्या रस्त्यावर गावचे लोक उन्हात खडी फोडीत बसले होते त्या रस्त्याने त्यांच्यासमोरून ही गाडी नेणे वडिलांस होईना. वर्षभर ती पडवीत गोणपाटाखाली झाकून राहिली. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. आमचे ज्येष्ठ बंधू, म्हणजे दादा, दहा वर्षांचे होते. गोणपाट उचलून आत डोकावल्याबद्दल त्यांनी खाल्लेला मार त्यांस अद्याप आठवतो. त्या मोटारीचा इतिहास आम्ही सांगतो, पण तो पाहिला आहे दादांनी. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथेच नमूद करून ठेवतो.

या मोटारीचे गावकऱ्यांस वाटलेले मोठे आश्चर्य तिची लांबी नव्हे, तर तिच्यात नसलेली एक वस्तू होय. तिला क्लच नाही. गिअर बदलण्याची यातायात नाही. कांडी एकदा ओढली की डावा पाय स्वस्थ ठेवून नुसत्या उजव्या पायाने गाडी हाकावी. ही सोय तेलाच्या जोरावर चालते. विजेचा एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, हे पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. वाऱ्याच्या जागी तेल घातले, दोन्ही पंखे एका बंद भांड्यात समोरासमोर बसविले आणि मध्ये तेलास वळण देणारे तिसरे चाक घातले, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर तयार होतो. हर्मान फोटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअराने १९०५ साली ही युक्ती जहाजांसाठी शोधून काढली. पुढे ती मोटारीत उतरली. आमच्या गाडीतली पॉवरग्लाइड ही पेटी १९५० पासून १९७३ पर्यंत बनत होती.

परंतु सुख फुकट मिळत नाही, हा नियम यंत्रासही चुकत नाही. दुसरा पंखा पहिल्याहून नेहमी थोडा मागे राहतो; आणि या मागे राहण्यात जी शक्ती वाया जाते तिची उष्णता होते. ती सारी तेलाच्या माथी. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात असली म्हणजे फरक थोडा. उसाच्या ट्रॉलीमागे रखडत, थांबत, पुन्हा निघत चालली म्हणजे फार. तेल साधारण ८० अंश सेल्सियसपर्यंत सुखाने नांदते; त्यापुढे दर ११ अंशांस त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा कारखान्यांतला ठोकताळा आहे.

मग या तेलास थंड कोण करतो? गाडी बनविणारांनी यावर जी योजना केली तिला एकत्र कुटुंबपद्धती म्हणण्यास हरकत नाही. इंजिनाचे पाणी थंड करण्यास रेडिएटर असतोच. त्याच्याच एका टाकीत त्यांनी तेलाची नळी बुडवून ठेवली. एकाच भांड्यात दोघांची सोय. जागा वाचली, खर्च वाचला. बर्फ पडणाऱ्या मुलखात तर दुहेरी लाभ, कारण तेथे सकाळी गारठलेल्या तेलास पाणीच ऊब देते. पण ज्याचा स्वतःचाच ताप ऐंशी-नव्वद अंशांवर चढलेला, त्याने दुसऱ्याचा ताप कोठवर उतरवावा? पाण्याहून थंड होणे त्या तेलाच्या नशिबी नाही. आणि तेलाचा ताप अंगावर घेतल्याने पाणीही उकळीच्या जवळ जाते. दोघे एकमेकांस सांभाळतात असे बाहेरून दिसते. आत दोघे एकमेकांस तापवीत असतात.

गतवर्षी चैत्रात जिंतुरास सोयऱ्यांकडे लग्न होते. दादांनी गाडी काढली, आम्ही शेजारी बसलो. परतताना ट्रॉल्यांची रांग लागली. तासभर रखडल्यावर इंजिन गर्जना करू लागले. गाडी मात्र जागची हलेना. आम्ही उतरून एका बाभळीखाली उभे राहिलो आणि वऱ्हाडाचे टेम्पो आमच्याकडे पाहून हात हलवीत निघून गेले. शेवटी गावातल्या ट्रॅक्टरनेच गाडी ओढून झरीस आणली.

दुसऱ्या दिवशी परभणीहून मिस्त्री आले. त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडले, आत बोट बुडवून आमच्यापुढे धरले. बोटावर गुलाबी दुधासारखे काही होते.

"सर, आतली नळी सडली," ते म्हणाले. "गाडी चालू असली की तेलाचा जोर जास्त, तेल पाण्यात जातं. गाडी तापून बंद झाली की पाण्याचा जोर राहतो, मग पाणी तेलात येतं. पाणी आलं की आतल्या पट्ट्यांचा गोंद सुटतो. मग गाडी घसरणार नाही तर काय?"

"मग उपाय?"

"पेटी खोलून पट्ट्या नव्या टाकू. पण तेलाला पाण्यात ठेवू नका. त्याला त्याची वेगळी जाळी द्या, हवेवरची. शेजारी असू द्या, आत नको."

दादांनी लागलीच मान डोलावली. आम्ही मात्र हरकत घेतली. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. एखाद्या जुन्या ग्रंथात मागाहून कोणी एक ओळ घुसडली तर ती हुडकून बाहेर काढणे हा आमचा धर्म. १९६५ च्या संहितेत हा आजचा प्रक्षेप आम्ही कसा खपवून घ्यावा? मूळ जसे होते तसेच ते राखावे, सडलेल्या नळीच्या जागी तशीच नळी घालावी, असे आम्ही ठासून सांगितले. मिस्त्रींनी दादांकडे पाहिले. दादा म्हणाले, "तू पुण्याला जाशील. बाभळीखाली मला उभं राहायचंय."

आम्ही पुण्यास परतलो ते आमच्या पक्षास आधार शोधण्याच्या निश्चयाने. पहिला आधार आम्ही सरकारी नियमांत पाहिला. ५० वर्षांहून जुन्या, खाजगी मोटारींच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले आहेत, आणि त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे. परंतु वाचून पाहतो तो ती अट सांगाडा, बाहेरचे शरीर व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा एवढ्यापुरती. तेलाच्या जाळीविषयी तीत अवाक्षर नाही. शिवाय अशी नोंदणी केली म्हणजे गाडी नित्य रस्त्यावर काढता येत नाही; प्रदर्शने, शर्यती, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडावयाची. दादांस हे कळविले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे देव्हाऱ्यात बसवायची. नको."

दुसरा आधार आम्ही मूळ तेलातच शोधू गेलो, आणि तेथे आमचा पुरता पाडाव झाला. १९६५ साली या पेट्यांत जे तेल घालीत त्यात देवमाशाच्या तेलाचा अंश असे. घर्षण नेमके राखण्याचा गुण त्यात होता. १९७० नंतर देवमाशाच्या रक्षणासाठी अमेरिकेत त्या तेलावर बंदी आली, आणि रसायनज्ञांस दुसरी द्रव्ये शोधावी लागली. म्हणजे गेली कित्येक वर्षे आमच्या मोटारीच्या पोटात जे वाहत आहे ते मूळचे नव्हेच. संहिता केव्हाच बदलली आहे आणि तिचे रखवालदार आम्ही झोपेत आहो. मूळ स्वरूपाचा आग्रह शेवटापर्यंत न्यावयाचा, तर परभणीकराने आधी समुद्रावर जाऊन एक देवमासा मारला पाहिजे. आम्ही पुस्तक मिटले.

इतके झाले तरी आम्ही दादांस होकार कळविला नाही, याचे खरे कारण वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. जाळीच्या गोष्टीमागे दुसरी एक गोष्ट उभी होती. दादांनी त्याच सुमारास वाटणीचा विषय काढला होता.

आम्ही दोघेच भाऊ, बहीण नाही. आईवडील गेले तरी झरीची जमीन सामाईक राहिली. सातबाऱ्यावर दोघांची नावे, वाडा दोघांचा, विहीर दोघांची. पुण्यात स्नेह्यांच्या बैठकीत आम्ही हे मोठ्या अभिमानाने सांगत असू. "आमच्याकडे अजून वाटण्या झाल्या नाहीत," या एका वाक्यात आमची सारी कुलीनता सामावलेली होती. दरवर्षी ज्वारीचे पोते आणि तुरीची डाळ पुण्यास येई. दिवाळीस आम्ही झरीस जात असू, ढाळजेत बसून वहिनींच्या हातचे खात असू आणि एकत्र कुटुंबपद्धतीच्या ऱ्हासावर बोलत असू. सालदाराची उचल, विहिरीचा गाळ, मोटारपंपाची जळालेली गुंडाळी, यांतले आम्हांस काही ठाऊक नव्हते. ते सर्व दादांच्या अंगावर होते.

पुतण्याने दोन वर्षांपूर्वी ठिबकसाठी आणि शेततळ्यासाठी कर्ज काढावयाचे ठरविले. जमीन सामाईक, म्हणून आमची संमती हवी. कागद पुण्यास आला. आम्ही तो परीक्षांच्या उत्तरपत्रिकांखाली ठेवला. मग सुटीत पाहू म्हटले. मग एका कलमाविषयी वकिलास विचारू म्हटले. मुलाचे दोन हंगाम गेले. दादांनी एका शब्दाने विचारले नाही; फक्त फोन कमी झाले. आम्हीही मनात म्हटले, यांना अलीकडे आमचे काही वाटत नाही. ताप दोन्हीकडे चढत होता आणि नळी आतून सडत होती. बाहेरून मात्र टाकी अभंग दिसत होती. वाटणीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तेव्हा आम्ही दुखावलो, आणि वडिलांचे नाव काढून काहीतरी बोललोही. ते काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. दादा ऐकून घेऊन म्हणाले, "तुला वाटतं मी तोडतोय. मला उरलेलं राखायचंय."

वैशाखात आम्ही पुन्हा झरीस गेलो. पेटीचे काम झाले होते, नव्या पट्ट्या मुंबईहून आल्या होत्या, आणि जाळी पडवीतल्या बाजेवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. दादांनी ती बसविली नव्हती. "तू आल्याशिवाय नको म्हटलं," एवढेच ते म्हणाले. शाळेच्या मोठ्या पाटीएवढी, अॅल्युमिनियमची, बारीक पापुद्र्यांची ती वस्तू हाती घेतली तेव्हा आमचा उरलासुरला विरोध आम्हांस फार क्षुद्र वाटला. आम्ही मिस्त्रींस फोन लावला.

मिस्त्रींनी आमच्या हाती विजेरी दिली. पेटीकडून रेडिएटराकडे पोलादी नळ्या दोन येतात. तेल नेणारी कोणती व आणणारी कोणती हे आधी ठरवावे लागते. त्यांनी दोन्ही सोडवून खाली डबे धरले, दादांनी क्षणभर इंजिन चालू केले. जीतून तेल उसळले ती नेणारी. मग रेडिएटरची आतली वाट कायमची बंद करून तेलाची वाट जाळीतून फिरविली. जाळी रेडिएटरच्या पुढे, दोहोंत बोटभर अंतर राखून बसविली, म्हणजे धावताना वारा आधी तिला लागावा आणि गाडी उभी असता इंजिनाचा पंखा तिच्यातूनच हवा ओढील. रबरी नळी तेलाची घेतली, पेट्रोलची नव्हे. ती पोलादी नळीच्या फुगीर तोंडावरून इंचभर पुढे चढवून पट्ट्याने आवळली, आणि कोठेही पत्र्यास घासणार नाही अशी वळविली. शेवटी इंजिन तापू देऊन, कांडी न्यूट्रलला ठेवून, चालू इंजिनावरच तेलाची पातळी पाहिली. जाळीच्या पोटात गेलेले तेल भरून काढले.

या सर्व कामात एक गोष्ट आम्ही लक्षपूर्वक पाहत होतो. मिस्त्रींनी गाडीस एकही नवे भोक पाडले नाही. मूळच्या चौकटीतच जे बोल्ट होते त्यांच्याच खाली त्यांनी पट्ट्या धरल्या.

"काढायची म्हटलं तर?" आम्ही विचारले.

"अर्धा तास, सर. खूणसुद्धा राहणार नाही."

आमच्यातला संहितेचा रखवालदार येथे शांत झाला. हा प्रक्षेप नव्हेच. ही समासातली टीप आहे. मूळ ओळीस तिने धक्का लावलेला नाही, उलट ती ओळ आजच्या वाचकास वाचता यावी एवढ्यासाठी ती बाजूस उभी आहे.

त्या रात्री ढाळजेत दादांनी वाटणीचा कागद पुढे ठेवला. आम्ही तो प्रथमच नीट वाचला. जमीन दोन्हीकडे सारखी. काळी आणि हलकी दोन्ही प्रकारची दोघांस. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहिलेल्या. आमचा वाटा आम्हांस करावयाचा नसेल तर पुतण्याने बटाईने करावा, असेही होते. आणि वाडा? वाड्याविषयी एकच ओळ होती: वाडा सामाईक राहील. ढाळजेतून भिंत जाणार नव्हती. अंगणात कुंपण येणार नव्हते. दादांनीही कोठे भोक पाडले नव्हते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या ८५ व्या कलमाखाली दोघांच्या संमतीने तहसीलदारापुढे हे होऊ शकते, हे त्यांनी आमच्याआधी विचारून ठेवले होते. आम्ही पुण्यातले सुशिक्षित! आम्हांस त्या कलमाचा आकडाही ठाऊक नव्हता.

सकाळी आम्ही मोटारीनेच परभणीस निघालो. पारा ४४ वर होता. ती झळ आम्हांस असह्य; पण नव्वद अंशांच्या पाण्यात दिवस काढलेल्या तेलास ४४ अंशांचा वारा म्हणजे आषाढझडच की! वाटेत ट्रॉल्या भेटल्याच. आम्ही दोघेही काही न बोलता इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून बसलो. गाडी रखडली, थांबली, निघाली, घसरली नाही. तहसील कचेरीसमोर उतरल्यावर दादांनी झाकण उचलले आणि आम्हांस म्हणाले, "हात लाव." जाळीकडे जाणाऱ्या नळीस आम्ही बोट लावले ते चटका बसून मागे घेतले, परतणाऱ्या नळीस लावले ते तेथे ठेवता आले.

आम्ही आत जाऊन अर्जावर सह्या केल्या. कारकुनाने कागद उलटसुलट पाहून विचारले, "भांडण वगैरे काही नाही ना?" दादा म्हणाले, "होतं." आम्ही काही बोललो नाही.

पुतण्याचा कर्जाचा अर्ज आता त्याच्या बापाच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर जाईल. मोटारीची नोंद अद्याप वडिलांच्या नावावर आहे. ती एकाच नावावर होऊ शकते, म्हणून दादांच्या नावावर व्हावी असे आम्ही सुचविले आहे. दादांनी संमती दिली, पण एका अटीवर: तेल आम्ही पुरवावे. पौषात परभणीचाही पारा सात-आठ अंशांवर उतरतो, आणि आता पाण्याची ऊब नसल्याने सकाळी पहिला मैल हळू काढावा लागेल, असे मिस्त्रींनी बजावले आहे. वेगळ्या चुलीची ही एक किंमत आहे खरी: सकाळी एकमेकांची आयती ऊब मिळत नाही, ती चालून मिळवावी लागते. येत्या पौषात आम्ही झरीस जाणार आहो. पहिला मैल आम्हीच हाकू म्हणतो.